गाडी विट्याला जाते

आमच्या गल्लीतली पोरं संध्याकाळी ओट्यावर बसून पुस्तक वाचतात, ते लांबून ऐकायला फार बरं वाटतं. सूर चढतो, उतरतो, शेवटच्या शब्दाला सगळी मिळून हेल काढतात. जवळ जाऊन बघितलं की खरा प्रकार कळतो. बोट तिसऱ्या ओळीवर, तोंड पाचव्या ओळीवर आणि डोळे रस्त्यावरच्या कुत्र्यावर. माझी नात तेव्हा नुकती दुसरीत गेलेली. तिला अख्खा धडा तोंडपाठ. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा कुठला गं?" तिनं धडा पहिल्यापासून म्हणायला घेतला, म्हणत म्हणत त्या शब्दापाशी आली आणि मग मला तो सांगितला.

आतून तिची आजी म्हणाली, "बघा, आला की नाही!"

मी एसटीत कंडक्टर होतो. तासगाव, विटा, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ याच रस्त्यांवर नोकरी गेली. आमच्याकडं कंडक्टरला प्रवासी 'मास्तर' म्हणतात, पण शिकवण्याचा माझा संबंध तेवढाच. तरी नोकरीत एक गोष्ट जन्मभर बघितली. गाडी समोर उभी, पाटी हातभर, आणि तिच्या खाली उभा राहून माणूस विचारतोय, "मास्तर, ही कुठं जाती?" विचारणारे सगळे अडाणी नसायचे. चौथी-पाचवी शिकलेलेही असायचे. अक्षरं येत होती, पण पाटी वाचून तिच्या भरवशावर गाडीत चढावं एवढं वाचन अंगात मुरलेलं नव्हतं. नात धडा म्हणत होती तेव्हा मला ती सगळी माणसं आठवली.

शाळेत जाऊन बाईंना भेटलो. बाईंच्या एकाच खोलीत पहिली आणि दुसरी दोन्ही वर्ग, वर पोषण आहाराचं रजिस्टर आणि ऑनलाइन माहिती भरायची ती वेगळीच. तक्रार करायला गेलोच नव्हतो, पण त्यांना आधी तसं वाटलं असावं. नंतर मोकळेपणानं बोलल्या. "आबा, घरी घ्याच तुम्ही. पण पोरं मोजकीच घ्या, रोज थोडाच वेळ घ्या. आणि वाचायचा एक दिवस, लिहायचा एक दिवस असं करू नका. जे वाचलं तेच लिहायचं, जे लिहिलं तेच वाचायचं." त्या बोलण्यातला शेवटचा भाग मला तेव्हा नीट कळला नव्हता. काम करता करता कळत गेला.

तर ओट्यावर शाळा भरली. माझी नात, शेजारचा पहिलीतला, पलीकडच्या गवंड्याचा मुलगा आणि त्याची बहीण. सगळी अर्ध्या तिकिटातली. एसटीत ५ ते १२ वर्षांच्या पोरांना अर्धं तिकीट असतं. गवंड्याची धाकटी तर त्याच्याही खालची, फुकट पासिंजर. ती नुसती बसायची आणि खडू खायची.

अक्षरं पोरांना येत होती. क दाखवला की क, म दाखवला की म. अडत होतं ते जोडताना. 'घर' हा शब्द घ्या. पोरगं म्हणतं, "घऽ... रऽ..." आणि जोडून सांगतं, "घरा." नाहीतर अंदाजानं, "घागर." त्याचं तरी काय चुकलं? सुटा र म्हणताना त्यात अ असतो, आणि 'घर' म्हणताना शेवटचा अ आपण गिळून टाकतो. 'बदक' लिहिताना अक्षरं तीन, म्हणताना मात्र 'ब-दक'. 'कमळ' म्हणजे 'क-मळ'. आपण मोठी माणसं हे इतक्या सवयीनं करतो की करतोय हेच ध्यानात येत नाही. सुटी अक्षरं कितीही भरभर म्हटली तरी त्यातून बदक बाहेर पडत नाही.

बाईंची युक्ती उलट्या बाजूनं जाणारी होती. पोराला जो शब्द तोंडानं पक्का ठाऊक आहे तो अख्खा लिहून दाखवायचा. म्हणायचा. मग पुठ्ठा कात्रीनं कापून अक्षरं सुटी करायची, मिसळायची आणि परत जुळवायची. जुळवल्यावर काय होणार आहे हे पोराला आधीच माहीत असतं. त्यामुळं जो अ गिळायचा तो ते आपोआप गिळतं. असे बरेच शब्द कापून-जोडून झाले की मग अनोळखी शब्दातही तोंड आपसूक तसंच वळतं.

आता पोरांना पक्के ठाऊक असलेले शब्द कुठून आणायचे? माझ्या डोक्यात दुसरं काय येणार! पाट्या.

आमच्याकडं बेदाण्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना तोटा नाही. खोकी फाडली, काळा मार्कर आणला आणि डेपोतल्यासारख्या पाट्या केल्या. करता करता एक मजा लक्षात आली. सांगली जिल्ह्यात तालुके दहा, आणि त्यांची नावं ठेवणाऱ्यांनी पहिलीच्या पोरांची सोय बघितली होती की काय असं वाटावं! 'जत'ला ना काना, ना मात्रा. नुसती दोन अक्षरं. 'वाळवा'त खुणा म्हणजे नुसते काने. 'मिरज' आणि 'विटा' पहिल्या वेलांटीला, 'शिराळा' वेलांटी आणि काना दोन्हीला, 'पलूस' उकाराला, 'कडेगाव' मात्रेला. 'तासगाव' तर घरचंच. 'आटपाडी' लांब दिसते, पण आत खाचखळगा एकही नाही. जिल्ह्याचं गाव 'सांगली', त्याच्या डोक्यावर टिंब. आणि सगळं आल्यावर, फायनलला ठेवावं असं 'कवठेमहांकाळ'. विटा हे खरं तर खानापूर तालुक्याचं ठिकाण, पण पाटीवर विटाच असतं, म्हणून मीही विटाच घेतलं.

वर्णमाला क-ख-ग-घ अशी ओळीनं पाठ करून घेऊन मगच शब्द, असं माझ्या लहानपणी होतं. पहिलीच्या पुस्तकातही आता अक्षरं त्या ओळीनं येत नाहीत. थोडी अक्षरं आणि एखादी खूण घेऊन लगेच शब्द करतात. आजीला हे अजून पटलेलं नाही. "ज्ञ पर्यंत आलं नाही तर पोरगं शिकलं कसलं?" असं तिचं म्हणणं. मी वाद घालत नाही. ङ आणि ञ पोरांना ह्या वयात कुठल्या शब्दात भेटणार, ते तिनं सांगावं.

पहिली वेलांटी हा वेगळाच घोळ आहे. 'वि' म्हणताना तोंडातून आधी व निघतो, इ मागून येते. कागदावर मात्र वेलांटी डावीकडं, अक्षराच्या आधी उभी. डावीकडून वाचायला नुकतंच शिकलेलं पोरगं आधी वेलांटीलाच धडकतं. शेजारचा धाकटा बरेच दिवस 'विटा'ला 'इवटा' म्हणत होता. त्याला समजावून काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो बोटाचा: बोट वेलांटीवर ठेवायचं नाही, अक्षराच्या दांड्यावर ठेवायचं. लिहितानाही आधी व काढायचा आणि मग मागं वळून वेलांटी. हात जसा फिरला तसं तोंड फिरायला लागलं. लिहिण्यानं वाचन सुधारतं म्हणजे काय, ते मला इथं पहिल्यांदा दिसलं.

टिंबाचं उलट. पोरं 'सांगली' बिनचूक वाचायची, पण लिहिताना टिंब विसरायची. 'सागली'. मग नाक दाबायचा खेळ काढला. नाक चिमटीत धरून 'सागली' म्हणा, सहज निघतं. आता 'सांगली' म्हणा. आवाज कोंडतो. जिथं कोंडला तिथं टिंब. चिंच, कांदा, आंबा, सगळे शब्द नाक धरून म्हणून झाले. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे.

आणि मग वाक्य.

बाजारात सोप्या वाक्यांची पुस्तकं मिळतात. मीही एक आणलं होतं. त्यात काना-मात्रा टाळायच्या हट्टापायी 'अजय, रथ धर' या धाटणीची वाक्यं. अजयनं रथ का धरायचा? पोरांनी ती वाक्यं अक्षर-अक्षर लावून वाचली आणि कुणालाच काही वाटलं नाही. वाटण्यासारखं त्यात नव्हतंच. सोपं वाक्य म्हणजे कमी खुणांचं वाक्य, असा समज दिसतो. माझा अनुभव असा की जे वाक्य पोरगं स्वतः बोललं असतं ते सोपं, मग त्यात चार खुणा जास्त असल्या तरी चालतात.

आम्ही गाडीचं वाक्य केलं. 'गाडी जतला जाते.' तीन पुठ्ठे. एकानं ड्रायव्हर व्हायचं, एकानं पाटी धरायची, बाकीच्यांनी वाक्य लावायचं. मधला पुठ्ठा बदलला की गाडी दुसरीकडं जाते. पलूसला गेली, तासगावला गेली, सांगलीला गेली, सगळं झकास. मग मी 'विट्याला' लिहिलेला पुठ्ठा ठेवला आणि गाडी बंद पडली.

विटा सगळ्यांना वाचता येत होतं. 'विट्याला' हा शब्द रोज तोंडात. गवंड्याच्या पोरांचं आजोळ तिकडचं, तरी तीही अडली. कारण पाटीवरचा 'विटा' त्या शब्दात दिसतच नव्हता. टा जाऊन तिथं ट्या बसलेला. वाळवा-वाळव्याला, मिरज-मिरजेला, शाळा-शाळेत, पाणी-पाण्यात. शब्द वाक्यात आला की आपल्याकडं त्याचं रूप बदलतं. व्याकरणात याला सामान्यरूप म्हणतात. ते नाव मुलांना पुढच्या इयत्तांत भेटतं, त्रास मात्र पहिलीतच सुरू होतो. सुटे शब्द खाडखाड वाचणारं पोरगं वाक्यात का अडखळतं, याचं निम्मं कारण मला तरी इथं सापडलं.

मग मी क्रम लावून घेतला. आधी ज्यांचं रूप बदलत नाही असे शब्द: जतला, आईला, सांगलीला. ते वाक्यात पक्के बसल्यावर एकेक बदलणारा. पुठ्ठ्याच्या एका बाजूला 'विटा', मागच्या बाजूला 'विट्याला'. उलटवायचं आणि म्हणायचं. समजावून काही सांगायचं नाही. तोंडाला हे सगळं आधीपासून येतंच, फक्त डोळ्यांची आणि त्याची गाठ घालून द्यायची.

पूर्णविरामाला मी बेल लावली. एसटीत एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. पूर्णविराम आला की पोरांनी "टिंग" म्हणायचं आणि थांबायचं. पुढचं वाक्य घ्यायचं तर "टिंग टिंग". ओट्यावर इतका टिंगटिंगाट व्हायचा की आजीनं देवघरातली घंटा लपवून ठेवली. पण धडा एका दमात म्हणून टाकायची खोड त्यानं मोडली. थांबलं की मी एकच विचारायचो: कोण गेलं? किंवा, कुठं गेलं? वाक्याकडं बघून उत्तर दिलं तर वाचलं. छताकडं बघून दिलं तर पाठ.

फेब्रुवारीत द्राक्षं उतरायला लागली आणि आमच्या पाट्यांचं काम मागं पडलं. या दिवसांत गावातल्या बायका सकाळी बेदाणा शेडवर जातात त्या दिवस मावळताना परत येतात. पोरं ओट्यावर येतात ती शेडच्या गोष्टी घेऊन. मग मी रोज प्रत्येकाला विचारायला लागलो, आज काय झालं? एकच वाक्य सांगायचं. ते सांगायचं आणि मी त्याच्यादेखत, हळूहळू, एकेक शब्द म्हणत, त्याच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहायचं. 'आई शेडवर गेली.' 'आमच्या म्हशीला रेडकू झालं.' 'पप्पांनी स्लॅब टाकला.' दुसऱ्या दिवशी आधी कालचं वाक्य वाचायचं, मग आजचं सांगायचं.

'स्लॅब' हा शब्द बघा. जोडाक्षर आहे, वर तो अर्धचंद्र. कुणी शिकवला नव्हता. पण गवंड्याच्या पोरानं तो पहिल्या झटक्यात वाचला, आणि त्याच्यामागून बाकीच्यांनीही. हे वाचन की नुसती आठवण, अशी शंका मलाही आली. म्हणून मी सगळ्यांच्या वाक्यांतले शब्द मिसळून नवी वाक्यं करायला लागलो. 'आईने स्लॅब टाकला.' 'म्हैस शेडवर गेली.' हसली की वाचलं असं धरायचं. न हसता वाचलं तर परत वाचायला लावायचं. ही परीक्षा मला फार पसंत पडली.

इथं एक वाद उभा राहिला. पोरं बोलतात ते आमच्या भागातलं. 'माजी आय शेडवर ग्येली', 'पानी न्हाय', 'म्हस हितं हाय'. लिहायचं काय? शेजारी वही घेऊन आला. "आबा, पोरगं वहीत 'हाय' लिहाय लागलंय. इंग्लिश मीडियमवाले हसतील." मी बाईंना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मला पटलं आणि तेच मी करतो. नुसता उच्चाराचा फरक असेल तिथं लिहायचं पुस्तकातल्यासारखं. 'गेली' लिहिलं आणि पोरानं 'ग्येली' वाचलं तर टोकायचं नाही, कारण त्यानं तोच शब्द वाचलाय. 'पाणी' लिहायचं, 'पानी' वाचू द्यायचं. पण शब्दच वेगळा असेल, न्हाय, हितं, हाय, तर पहिल्यांदा त्याचाच शब्द लिहायचा. त्याच्या खाली दुसरी ओळ: पुस्तकात कसं म्हणतील? 'म्हस हितं हाय.' 'म्हैस इथे आहे.' पोरांना ही दुसरी ओळ करायला इतकी आवडायची की काही दिवसांनी वरची ओळ न लिहिताच ती थेट खालची सांगायला लागली. शेजाऱ्याला ते दाखवलं तेव्हा तो गप्प झाला. मला मात्र वरच्या ओळी गेल्याचं थोडं वाईट वाटलं.

लिहिण्याचं वेगळं सांगितलं पाहिजे. शाळेत फळ्यावरचं उतरवून घेणं भरपूर होतं. पोरांची अक्षरं त्यानं वळणदार होतात, आमच्या नातीची तर छापल्यासारखी होती. पण 'तुझ्या मनानं एक वाक्य लिही' म्हटलं की पेन्सिल हवेत. मनातलं वाक्य कागदावर येईपर्यंत धरून ठेवणं हे वेगळंच काम आहे. पहिला शब्द लिहिताना तिसरा निसटतो. म्हणून आधी वाक्य मोठ्यानं म्हणायचं, बोटांवर शब्द मोजायचे आणि पाटीवर तितक्या आडव्या रेघा मारून ठेवायच्या. 'काकांनी नवी गाडी घेतली', चार रेघा. मग एकेका रेघेवर एकेक शब्द. मध्येच विसरलं तरी किती राहिले ते दिसतं.

शब्दांमध्ये जागा सोडायचा प्रश्न शिरोरेघेनं सोडवला. पोरं सगळं वाक्य एकाच लांबलचक रेघेखाली टांगायची, नाहीतर प्रत्येक अक्षराला वेगळी टोपी घालायची. मग नियम केला: आधी बिनरेघेचं वाक्य लिहायचं, वाचायचं आणि मग शेवटी डोक्यावर रेघा मारायच्या. एका शब्दाला एकच रेघ, रेघ तुटली की नवा शब्द. 'जत ला' असं तोडून लिहिणाऱ्या नातीला 'ला' कुणाच्या रेघेखाली जाणार ते ह्यात बरोबर समजलं. इंग्रजी लिहिणाऱ्यांना ही सोय नाही.

आधी पाटीवर, नंतर दुरेघी वहीत. पाटीवर पुसायची भीती नसते म्हणून पोरं धीट लिहितात. पण पाटीवरचं उद्या वाचायला उरत नाही, म्हणून रोजचं एक वाक्य वहीत जायचं. कुठलं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

चुका किती काढायच्या? ऱ्हस्व-दीर्घ मी सोडून दिलं. सातवी झालेल्यांना जमत नाही ते पहिलीतल्यांकडून कशाला मागायचं? पण जी चूक अर्थ बदलते ती सोडायची नाही, आणि ती आपण दाखवायची नाही. लिहिलेलं वाक्य दुसऱ्या पोरानं वाचायचं. शेजारच्या धाकट्यानं लिहिलं होतं, 'पप्पांनी मला मरलं.' नातीनं जसंच्या तसं वाचलं आणि ओटा हसून लोळला. त्यानं पाटी हिसकावून घेतली आणि काना असा दाबून काढला की पेन्सिल मोडली. त्या कान्याला तो परत विसरला नाही. आता नात 'म'च्या पुढचा काना मुद्दाम तपासून बघते, आपल्यावरही तीच पाळी येईल म्हणून.

द्राक्षाच्या हंगामात जतच्या पूर्वेकडचं एक कुटुंब शेडच्या कामाला आलं होतं. त्यांचा मुलगा दुसरीतला, घरात कन्नड. त्या बाजूला कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत, पण हा मराठी शाळेतला. अक्षरं त्याची आमच्या सगळ्या पोरांपेक्षा पक्की. वाचायचा सुरेख. आणि तरी त्याची वाक्यं शेवटच्या शब्दाला घसरायची. 'झाड पडला.' 'गाडी आला.' वाचताना सुद्धा 'आली' लिहिलेलं असून 'आला' म्हणायचा. आमच्या पोरांनी हसायला सुरुवात केली होती. मी कंडक्टर असताना त्या रस्त्यावर थोडं कन्नड कानावर पडलेलं, तेवढ्यावर एक समजत होतं की त्यांच्या भाषेत झाड, गाडी, टेम्पो सगळ्यांना एकच क्रियापद चालतं. आपल्याकडं झाड पडलं, गाडी आली, टेम्पो आला. झाडाला 'ते' का आणि गाडीला 'ती' का, याला उत्तर नाही. आमच्या पोरांना ते पाळण्यातच मिळालं, त्याला एकेक वस्तू पाठ करावी लागणार होती.

त्याच्यासाठी नियम काढायच्या फंदात पडलो नाही. दारातल्या खऱ्या वस्तूंच्या तीन रांगा केल्या. तो तांब्या, ती वाटी, ते ताट. 'तांब्या पडला', 'वाटी पडली', 'ताट पडलं', आणि पडायचं ते खरोखर पाडायचं. आवाजानं आजी दोनदा बाहेर आली. बाकीची पोरं त्याला शिकवण्याच्या भरात स्वतः नव्या वस्तू शोधून आणायची आणि 'चहा सांडला की सांडली' यावर भांडायची. आमच्याकडं दोन्ही म्हणणारे निघाले. हंगाम संपल्यावर ते कुटुंब परत गेलं. क्रियापदं त्याची निम्मी लागली होती, निम्मी राहिली. वही त्याच्याबरोबर दिली.

वेगाबद्दल थोडं. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी निपुण भारत अभियान सुरू केलं, त्यात इयत्तेप्रमाणे उद्दिष्टं दिलेली आहेत. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य वाचता यावं. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६०, आणि तेही अर्थ समजून. आकडे शाळेच्या भिंतीवर लागले आणि तिथून पालकांच्या मोबाइलमध्ये गेले. माझा मुलगा संध्याकाळी घड्याळ लावून नातीला वाचायला बसवायचा. पोरगी सुटायची घाटात ब्रेक निकामी झालेल्या गाडीसारखी. शब्द पुरे व्हायचे. "कोण पडलं त्या गोष्टीत?" विचारलं की पुस्तकाकडं नाही, बापाकडं बघायची. आकडा वाईट नाही, सोबत 'अर्थ समजून' लिहिलंय तेही चांगलं आहे. पण मोबाइलच्या घड्याळात अर्थ मोजायची सोय नसते, आणि ज्याची सोय आहे तेवढंच माणूस मोजतो. मी मुलाला एवढंच सांगितलं की पूर्णविरामाला टिंग म्हणायची वेळ धरून मोज. आकडा उतरला, पोरगी उत्तरं द्यायला लागली.

मुलाचा मोबाइल एका कामाला मात्र आला. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीत चित्रांच्या गोष्टी फुकट मिळतात, वाचनाच्या चार पातळ्या लावलेल्या. पहिल्या पातळीत एका पानावर एखाद-दुसरंच वाक्य. पोरांना स्वतःच्या वाक्यांचा कंटाळा आला की आम्ही एक गोष्ट उघडतो. फक्त फोनवर अधूनमधून हिंदी वळणाचा ल येतो, दांड्याचा. तो दिसला की पहिलीतला थांबतो आणि "आबा, हे काय?" विचारतो. त्याला दोन्ही ल एका पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी काढून दिलेत. बिस्किटाच्या पुड्यावर सापडला की तो आता मलाच आणून दाखवतो.

सध्या आमचा घोळ 'मग'चा आहे. एक वाक्य जमायला लागलं तसं पोरांना पुष्कळ लिहायचंय, आणि ती लिहितात, 'मी उठलो मग दात घासले मग चहा प्यालो मग शाळेत गेलो मग', आणि पान संपतं. मधे एकही टिंग नाही. सगळे 'मग' काढून टाका म्हटलं तर उरतं ते माझ्या जुन्या वे-बिलासारखं, कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदासारखं दिसतं: उठलो. घासले. प्यालो. गेलो. म्हणून परत पुठ्ठे कापलेत आणि त्यांवर 'आणि', 'पण', 'म्हणून' लिहिलंय. दोन वाक्यं द्यायची आणि मधे यातला कुठला पुठ्ठा बसतो ते त्यांनी ठरवायचं.

'आणि' सगळ्यांना लगेच आलं. 'पण' तर त्याहूनही लवकर. परवा गवंड्याच्या पोरानं कुणीही न सांगता वहीत लिहिलं, 'मी अभ्यास केला पण आबांनी गोळी दिली नाही.' गोळी द्यावी लागली. 'म्हणून' मात्र अजून कुणाला जमलेलं नाही. एक तर सुरुवातीलाच जोडाक्षर, आणि वर त्याला काहीतरी कारण लागतं.